भिंतीवरचं चित्र आणि आपला दुष्काळ

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिका समितीनं आम्हाला सांगितलं, महाराज, दिंडीच्या मुळाबद्दल चार शब्द तुम्ही लिहा. आमचं शिक्षण चौथी. हातात टाळ आणि खुरपं हे दोनच शोभतं. तरी मंडळींचा आग्रह पडला म्हणून लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता आमची एक चूक आमच्याच ध्यानात आली. ती चूक सांगितल्याबिगर पुढचं काही सांगता येणार नाही. म्हणून आधी तीच सांगतो.

देवळाच्या सभामंडपात उत्तरेच्या भिंतीला एक चित्र टांगलेलं आहे, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. काळ्या रेघांचं, जुनं. त्यात हाडं निघालेली माणसं आणि जनावरं आहेत. खाली आम्हीच पाटी करून लावली होती, "आपल्या भागातील १८७७ चा दुष्काळ". ते चित्र आम्हाला बारा वर्षांमागं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं. आम्ही तालुक्याला जाऊन मोठं करून घेतलं, काचेत बसवलं. पुढं दरवर्षी कीर्तनात तुकोबारायांच्या काळचा दुष्काळ निघाला, त्यांची पहिली बायको अन्नाविना गेली ती कथा निघाली, की आम्ही भिंतीकडं हात करायचो आणि म्हणायचो, "मायबापहो, लांब कशाला जाता, हे बघा आपल्याच शिवारातले लोक!" आयाबाया डोळ्याला पदर लावायच्या. आम्हालाही भरून यायचं.

आता समितीनं ठरवलं की हेच चित्र स्मरणिकेच्या पहिल्या पानावर घ्यायचं. त्याला कारणही होतं. आपल्या दिंडीचे मूळ विणेकरी बाबा त्या दुष्काळात आठ वर्षांचे होते. शके १७९८, धाता नाम संवत्सर. पाऊस गेला, वैरण गेली, आईबाप त्यांना घेऊन आष्टीच्या तळ्याच्या भरावावर खडी-मातीच्या कामाला गेले. तिथं त्यांनी भूक बघितली. पुढं १९२५ साली दिंडी काढली तेव्हा पहिला नेम घातला तो हाच, की आपल्या पंगतीला बसलेल्या माणसाला, मग तो कोण का असंना, उठवायचं नाही. शंभर वर्षं हा नेम आपण पाळला. तेव्हा त्या दुष्काळाचं चित्र पहिल्या पानावर असावं हे रास्तच होतं.

पण आमची नात, कॉलेजला जाते, ती म्हणाली, "आजोबा, हे आपल्याच भागातलं आहे हे कशावरनं?"

आम्ही म्हणालो, "बारा वर्षं सगळं गाव बघतंय."

ती म्हणाली, "गाव बघतंय ते खरं. पण पाटी कुणी लिहिली?"

पाटी आम्हीच लिहिलेली. ह्याच्यावर आम्हाला बोलता येईना. त्या रात्रीपासनं आम्ही दोघं शोधाला लागलो. ती वाचायची, आम्ही ऐकायचो आणि प्रश्न करायचो. सहा महिने हे चाललं. त्यातनं जे हाती लागलं ते मांडतो. दुसऱ्या दिंड्या, दुसरी गावं आता आपापल्या स्मरणिका काढत आहेत, त्यांनाही याचा उपयोग होईल.

पहिल्यांदा हे समजून घ्यावं की असलं चित्र येतं कुठनं. विलायतेत लंडन शहरात १४ मे १८४२ रोजी एक साप्ताहिक निघालं, 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'. इलस्ट्रेटेड म्हणजे सचित्र. ते काढणारा हर्बर्ट इंग्राम हा मूळचा छापखानेवाला आणि वर्तमानपत्रं विकणारा. त्यानं दुकानावर बसून हेरलं होतं की ज्या दिवशी पेपरात चित्र असतं त्या दिवशी पेपर जास्त खपतो. म्हणून त्यानं चित्रांचाच पेपर काढला. पहिल्या अंकाला सोळा पानं आणि बत्तीस चित्रं, किंमत सहा पेन्स. ते चाललं तसे दुसरेही निघाले. फ्रान्सात १८४३ ला, अमेरिकेत १८५७ ला, आणि लंडनमध्येच १८६९ च्या डिसेंबरात 'ग्राफिक' नावाचं साप्ताहिक निघालं. ते काढणारा विल्यम थॉमस तर स्वतःच चित्र कोरणारा कारागीर होता.

त्या काळी फोटो निघत होते, पण पेपरात छापता येत नव्हते. चित्र लाकडावर कोरावं लागे. बॉक्सवुड म्हणून फार कठीण लाकूड असतं, त्याचं झाड बारीक. त्यामुळं मोठी फळी एका तुकड्यात मिळत नाही. मग लहान लहान ठोकळे मागून खिळीनं जोडून एक फळी करायची, वर चित्र उलटं काढायचं, आणि ठोकळे सुटे करून एकेका कारागिराला एकेक द्यायचा. जशा वावरात चार जणी खुरपायला बसल्या की प्रत्येकीची आपापली पात असते, तसं. एकाकडं आभाळाची पात, एकाकडं झाडाची, एकाकडं माणसांची. रातोरात कोरून झालं की ठोकळे परत जोडायचे आणि छापायचं. घाई झाली तर जोडाच्या जागी बारीक पांढरी रेघ राहते. आमच्या भिंतीवरच्या चित्राला भिंग लावून बघितलं तर तशी रेघ सापडते का, हे आम्ही आधी बघितलं. चित्र सगळं रेघांचं आहे, म्हणजे ते लाकडावर कोरलेलं आहे, एवढं पहिल्या रात्री कळलं. पुढं विसाव्या शतकाच्या तोंडाला पेपरात फोटो छापायची रीत रुळली, त्याला भिंग लावलं तर रेघा दिसत नाहीत, ठिपके दिसतात. चित्र कुठल्या काळचं हे ओळखायची ही शेतकऱ्यालाही जमेल अशी खूण आहे.

पण याच्यात एक गोम आहे. जागेवर बसून काढणारा चितारी एक, लाकडावर उतरवणारा दुसरा, कोरणारे चार-पाच, आणि खाली मजकूर लिहिणारा भलताच. हिंदुस्थानात काढलेलं चित्र बोटीनं जायचं. सुएझचा कालवा १८६९ ला खुला झाला तरी मुंबईहून लंडनला टपाल पोचायला तीनेक आठवडे लागत. तारेनं बातमी त्याच दिवशी जाई, चित्र मात्र बोटीनंच. त्यावर कोरण्या-छापण्याचे दिवस धरा. म्हणजे अंकावर जी तारीख आहे ती घडल्याची तारीख नव्हे, छापल्याची तारीख आहे. आणि कोरणाऱ्यानं आपला मुलूख कधी बघितलेला नसे. त्यानं काढलेलं झाड हे आपलं झाड असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून तर आम्ही हसलो. त्या लंडनच्या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराला लागलेल्या आगीचं चित्र आहे. ते आगीच्या जागेवर कुणी काढलेलंच नव्हतं. लंडनच्या संग्रहालयात त्या शहराचं जुनं चित्र होतं, ते घेतलं, त्याच्यावर ज्वाळा आणि धूर काढला, आणि छापलं. आग खरी, चित्र बनवलेलं. म्हणजे फसवाफसवी मोबाइल आल्यावर सुरू झाली असं नव्हे. चित्र खोटं असलं तरी घटना खरी असू शकते, आणि चित्र खरं असलं तरी पाटी खोटी असू शकते. आमचं हे दुसऱ्या जातीचं निघालं.

आता शोधायचं कसं ते सांगतो. पूर्वी हे अंक बघायचे तर विलायतेला जावं लागलं असतं. आता मोठमोठ्या ग्रंथालयांनी पानन् पान यंत्रानं टिपून संगणकावर ठेवलेलं आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या वर्तमानपत्रांचा साठा २०११ सालापासून असा बघायला मिळतो, पण त्याला पैसे भरावे लागतात. इंटरनेट अर्काइव्ह म्हणून एक ठिकाण आहे, तिथं फुकट बघता येतं. आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २००८ साली मिळून एक साठा केला, त्याचं नाव हाथीट्रस्ट. नात म्हणाली, "आजोबा, हे हाथी म्हणजे आपलाच हत्ती. हत्ती विसरत नाही म्हणून हे नाव ठेवलंय." आम्हाला ते फार आवडलं.

पण हत्तीला हाक कशी मारायची हे कळलं पाहिजे. पहिले पंधरा दिवस आम्ही 'पंढरपूर', 'सोलापूर' असं आजच्या इंग्रजी स्पेलिंगनं घालत होतो. काही निघेना. मग शाळेतले निवृत्त गुरुजी आले, ते म्हणाले, "साहेब लोक तेव्हा असं लिहीत नव्हते." 'पुणे' हे 'पूना' होतं. सोलापूर 'शोलापोर' होतं, सातारा दोन 'टी' घालून लिहीत. नुसत्या 'पूर' या शब्दाची तीन रूपं, पी-यू-आर, पी-ओ-ओ-आर आणि पी-ओ-आर-ई. ही सगळी घालून बघावी लागतात. आपल्याच गावाला परक्या नावानं हाक मारायची, तेव्हा ते 'ओ' देतं.

दुसरी अडचण यंत्राची. यंत्र पान वाचून त्यातले शब्द वेगळे काढून ठेवतं, आणि आपण शोधतो ते त्या शब्दांत शोधतो. पण जुनं पान पिवळं पडलेलं, शाई पसरलेली. यंत्र 'ई' ला 'सी' वाचतं, दोन खांबांतला मजकूर एकात मिसळतं. तेव्हा शब्द निघाला नाही म्हणजे तो पानावर नाहीच, असं समजू नये. आणि यंत्राला अक्षर वाचता येतं, चित्र वाचता येत नाही. चित्राखाली जी ओळ आहे तेवढीच त्याला दिसते. म्हणून शेवटी आम्ही शोधायचं सोडलं आणि बघायला लागलो. १८७६ च्या पावसाळ्यापासनं १८७७ च्या अखेरपर्यंत एकेक अंक, एकेक पान. पारायणाला बसतो तसं बसलो. रोज रात्री जेवणं झाली की दोन अंक.

त्या पारायणात काय काय बघितलं! १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवला आणि विलायतेच्या राणीला हिंदुस्थानची कैसर म्हणून जाहीर केलं. त्याची चित्रं सचित्र पेपरांत मोठी मोठी. हत्ती, तंबू, राजेरजवाडे, झेंडे. आणि त्याच जानेवारीत आपले बाबा आईच्या कडेवरनं भरावावर माती टाकणारे हात बघत होते. नात वाचत होती, तिचा आवाज जड झाला. आम्ही म्हणालो, आज इतकंच पुरे.

चित्र सापडलं ते १८७७ च्या ऑक्टोबरातल्या 'ग्राफिक' मध्ये. आमच्या भिंतीवरचंच. तेच रेघोटं, तीच जनावरं. आम्ही टाळी वाजवली. नातीनं टाळी वाजवली नाही. ती खालची ओळ वाचत होती. तिनं दोनदा वाचली. मग म्हणाली, "आजोबा, हे बल्लारी जिल्ह्यातलं आहे. मद्रास इलाखा."

आमच्याकडं जे मोबाइलवर आलं होतं त्यातनं कुणीतरी खालची ओळ कापून टाकली होती. कापलेल्या जागी आम्ही आमची पाटी लावली.

आम्ही म्हणालो, पुढं बघ, आपलं असेल. तर २० ऑक्टोबर १८७७ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' मध्ये मदतीची वाट बघणाऱ्या लोकांचं चित्र निघालं. ते बंगळूरचं. आणि त्या दुष्काळाचे म्हणून जे फोटो आज मोबाइलवर फिरतात, ते हूपर नावाच्या लष्करी साहेबानं काढलेले, तेही मद्रास इलाख्यातले. तेच फोटो कुणी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे म्हणून पाठवतं, कुणी आपले म्हणून.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. बारा वर्षं आम्ही व्यासगादीवर, नव्हे, नारदाच्या गादीवर उभं राहून जे सांगितलं ते खरं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं हे खरं. पण गळ्यात माळ असलेल्या माणसानं विचारून घेतलं पाहिजे होतं. बाजारात बैल घेताना आम्ही दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. चित्र घेताना काहीच बघितलं नाही.

समितीत हे सांगितलं तेव्हा दोन मतं पडली. काही जण म्हणाले, "महाराज, कोण बघायला येतंय? दुष्काळ तर खराच होता ना! चित्र चांगलं आहे, राहू द्या." हे म्हणणारे वाईट नाहीत, दिंडीची माया असणारीच माणसं आहेत. पण आम्ही म्हणालो, ज्या बाबांनी पंगतीत कुणाच्या ताटातलं ओढून घ्यायचं नाही असं सांगितलं, त्यांच्या स्मरणिकेत आपण दुसऱ्याचं दुःख ओढून आपल्या ताटात घ्यायचं का?

मग प्रश्न आला की चित्रं बल्लारीची, बंगळूरची का, आपली का नाहीत? आपल्याकडं दुष्काळ कमी होता का? नव्हता. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, विजापूर हे सगळे पोळले होते. इंग्रजांच्या मुलखात मिळून ५५ लाखांच्या आसपास माणसं गेली असं इतिहासकार सांगतात. मग? याचं उत्तर तारखांत आहे असं आम्हाला वाटतं. १८७७ च्या ऑगस्टात मद्रासेत मोठी सभा होऊन विलायतेला मदतीची हाक गेली, आणि लंडनच्या मेयरनं मॅन्शन हाऊसमध्ये फंड उघडला. लोक पैसे देऊ लागले. ज्या मुलखासाठी पैसे देतो तो मुलूख कसा आहे हे लोकांना बघायचं होतं. म्हणून ऑक्टोबरात तिकडची चित्रं. म्हणजे ज्याच्यासाठी हाक गेली त्याचं चित्र निघालं. चित्र नाही याचा अर्थ दुःख नव्हतं असा कधी घेऊ नये. चितारी पोचला नाही एवढाच अर्थ.

मग आपला दुष्काळ शोधायचा कुठं? तो चित्रात नाही, अक्षरात आहे. सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८४ साली छापलेलं आहे, साताऱ्याचं १८८५ चं. सरकारनं हीदेखील संगणकावर ठेवलेली आहेत. त्यात त्या साली पाऊस कसा गेला, कामं कुठं निघाली हे सापडतं. आष्टीचा तलाव त्याच दुष्काळात लोकांना काम म्हणून सुरू झाला, बाबा सांगत ते खरं निघालं. नीरेचा डावा कालवा तेव्हाच सुरू झाला. तुकोबारायांच्या पालखीबरोबर बारामती-इंदापूरच्या अंगानं चालताना ज्या कालव्याच्या पाण्यानं आपण तोंड धुतो, त्याची पहिली माती उपाशी माणसांनी उचललेली आहे. दौंड-मनमाडची रेल्वे १८७८ ला सुरू झाली, तिच्या भरावावरही दुष्काळी माणसंच होती.

आणि आता जे सांगतो त्याच्यासाठी हा सगळा लेख लिहिला.

आमची आजी एक वाक्य म्हणायची. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं. घरात कुणी ताटात कमी वाढलं की आजी म्हणायची, "अच्छेरावर पहार उचलत न्हाई, माप उतरलं तवा लोक उठलं." आम्ही लहानपणापासनं ऐकलं. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, एवढं कळायचं. पण माप कुणाचं, कुणी उतरवलं, कोण उठलं, कुठनं उठलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. म्हण आहे असं समजून सोडून दिलं.

नातीनं वाचून दाखवलं. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल नावाचा बडा अधिकारी दुष्काळाच्या कामांवर नेमून आला. त्याचं म्हणणं पडलं की मजुराला फार देतो आहोत. तोवर माणसामागं दीड पौंड धान्याचा हिशेब होता, तो उतरवून दिवसाला एक पौंड केला आणि वर थोडी रोकड. आपल्या मुंबई इलाख्यात कामावरच्या लोकांनी हे मानलं नाही. हजारो लोक काम टाकून उठले, घरी निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. ही सभा १८७० ला निघालेली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका तिचे पुढारी. सभेच्या माणसांनी गावोगावची हकिकत गोळा करून सरकारला कळवली.

आम्ही नातीला थांबवलं. विचारलं, "पौंड म्हणजे किती?"

ती म्हणाली, "साडेचारशे ग्रॅम."

आम्ही बोटांवर हिशेब केला. जुना पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे नऊशे तीस ग्रॅमच्या पुढं थोडा. त्याचा अर्धा साडेचारशेच्या वर. एक पौंड म्हणजे अच्छेर!

मायबापहो, दीडशे वर्षं ते वाक्य आमच्या चुलीपुढं पडून होतं. साहेबाच्या कागदात पौंड लिहिलेला होता, आजीच्या तोंडात अच्छेर होता. दोन्ही एकच. ज्या माउलीला सही करता येत नव्हती तिनं सरकारी हुकूम आणि लोकांचं उठणं एका ओळीत बांधून सुनेच्या पदरात टाकलं, सुनेनं नातवाला दिलं. कुठल्या चितारीनं हे काढलं नाही. पण हे आपलं आहे. ह्याला पाटी लावायची गरज नाही. आणि बाबांच्या नेमाचं मूळही तिथंच आहे. पंगतीत माप लावायचं नाही, हे त्यांना पोथीनं शिकवलं तसं त्या भरावानंही शिकवलं.

तेव्हा ज्या मंडळींना आपल्या गावाचा इतिहास लिहायचा आहे त्यांना अनुभवातनं सांगतो. मोबाइलवर आलेलं कापलेलं चित्र घेऊ नका, ज्या पानावर ते छापलं ते सबंध पान शोधा. पानावरची तारीख, खालची ओळ आणि त्या अंकातला मजकूर, तिन्ही वाचा. मजकूर पुष्कळदा दुसऱ्याच पानावर असतो. रंगीत चित्र असेल तर रंग मागाहून भरलेला असू शकतो, कारण जुनी पानं कापून, रंगवून विकायचा धंदा आहे. जे चित्रात दिसतं ते गॅझेटिअरसारख्या दुसऱ्या कागदाशी ताडून बघा. साहेबाचं पुस्तकही साहेबाच्या नजरेचं असतं, म्हणून सभेसारख्या आपल्या लोकांनी लिहिलेलंही बघा. आपल्याकडंही सचित्र छपाई झालेली आहे. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा, आणि त्यांचं 'चित्रमयजगत्' मासिक १९१० पासूनचं. दिंडीच्या काळाच्या जवळचं काही हवं असेल तर तिकडंही वळावं. आणि सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. ती जे बोलते त्यातलं न कळणारं वाक्य लिहून ठेवा. यंत्रावरची पानं शंभर वर्षं राहतील. म्हातारी राहणार नाही.

आता त्या चित्राचं काय केलं ते सांगून संपवतो. काही जण म्हणाले, उतरवून टाका. आम्ही नाही म्हणालो. बल्लारी जिल्हा म्हणजे काय लांबचा मुलूख आहे का? हंपी तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. आपला पांडुरंग विजयानगरला नेला होता आणि नाथमहाराजांचे पणजोबा भानुदासमहाराज यांनी तो परत पंढरीला आणला, ही कथा आपण लहानपणापासनं ऐकतो. तिथलं विठ्ठलाचं मंदिर आजही मूर्तीवाचून उभं आहे. ज्या लोकांच्या गावी देव राहून आला, ते लोक त्या चित्रात उपाशी आहेत. ते आपले नाहीत कसं म्हणावं? ते आपलेच आहेत. पण त्यांचं गाव त्यांना परत दिलं पाहिजे.

म्हणून चित्र तिथंच आहे, पाटी बदलली आहे. नव्या पाटीवर लिहिलं आहे, "बल्लारी जिल्ह्यातील दुष्काळ. 'ग्राफिक' साप्ताहिक, लंडन, ऑक्टोबर १८७७". आणि त्याच्या शेजारी दुसरी पाटी लावली आहे. तिच्यात चित्र नाही, आजीचं वाक्य तेवढं आहे.

बारा वर्षं ज्यांनी आमच्या तोंडून चुकीचं ऐकलं त्या सर्व श्रोत्यांची आम्ही या ठिकाणी हात जोडून क्षमा मागतो. यंदाच्या वारीत, पंगत बसायच्या आधी, हे सगळं पुन्हा नीट सांगणार आहोत. लेकरानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला, पण दिलं. चूकभूल मायबापांनी पदरात घ्यावी.

राम कृष्ण हरी.